प्री-वर्कआउटचा स्कूप आणि हृदय: घेण्याआधी, व्यायामात आणि नंतर काय मोजायचं

ट्रेडमिलवर दहाव्या मिनिटाच्या आसपास छातीत काहीतरी अडखळलं. एक ठोका गळाला, क्षणभर सगळं शांत, आणि मागून असा दणका बसला की आतून कुणी दार ठोठावतंय. मी पट्टा थांबवला. मनगटावरचं घड्याळ १३८ नाडी दाखवत होतं, म्हणजे नेहमीइतकीच. दम लागला नव्हता. उलट अंगात भलताच उत्साह होता.

दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला. डॉक्टरांनी समजावलं: एक ठोका वेळेआधी पडला, त्यानंतरची विश्रांती जरा लांबली, तेवढ्यात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरलं, म्हणून पुढचा ठोका जोरात जाणवला. असे जादा ठोके धडधाकट माणसालाही येतात. मग त्यांनी सहज विचारलं, "काल दिवसभरात कॅफीन किती झालं?" मला सांगता येईना. घरी येऊन हिशोब मांडला. सकाळपासून कॉफीचे दोन कप, अंदाजे १८० मिलिग्रॅम. दुपारी डोकं दुखलं म्हणून घेतलेल्या गोळीत ६५, हे पाकीट वाचेपर्यंत माहीतच नव्हतं. संध्याकाळी प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी पाण्यात घालून प्यायच्या उत्तेजक पावडरीचा, एक स्कूप, डब्यावर लिहिल्याप्रमाणे ३००. बेरीज ५४५. शिवाय तो स्कूप सपाट नव्हता, चांगला शिगोशीग भरलेला होता.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालंय. या पावडरींची खरी मेख नुसती हृदयावर ताण पडण्यात नाही. ताण कळतो ज्या जाणिवेने, ती जाणीवच त्या बोथट करतात. एरवी व्यायामात शरीर कुरकुर करतं आणि आपण आवरतं घेतो. पावडर घेतल्यावर ही कुरकुर ऐकू येत नाही. मग ‘मला काही होत नाहीये’ या वाक्याला किंमत उरत नाही आणि आकड्यांवर भिस्त ठेवावी लागते. पुढे सगळं लिहिलंय ते याच हिशोबाने.

आधी समजून घ्या: आत काय चालतं

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. जोरदार व्यायामात हाच आकडा २० लिटरपर्यंत जातो, कसलेल्या खेळाडूंमध्ये त्याहून वर. त्यासाठी मेंदू आधी ब्रेक सैल करतो आणि मग ॲक्सिलरेटर दाबतो. मज्जातंतूंतून नॉरॲड्रेनालिन सुटतं, रक्तात ॲड्रेनालिन वाढतं, ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्याचा जोर वाढतो. वरचा रक्तदाब १२० वरून १८०-२०० पर्यंत चढतो. स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून खालचा फारसा हलत नाही. हे सगळं नैसर्गिक आहे आणि निरोगी हृदय ते आरामात पेलतं.

उत्तेजक द्रव्य याच ॲक्सिलरेटरवर दुसरा पाय ठेवतं.

कॅफीनचं उदाहरण घेऊ. दमलेल्या पेशींमधून ॲडेनोसिन नावाचं रसायन बाहेर पडतं. मेंदूत ते झापड आणतं. हृदयात ते दोन उपयोगी कामं करतं: ॲड्रेनालिनच्या जोराला थोडी वेसण घालतं, आणि हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडू लागला की त्याला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या रुंदावायला मदत करतं. कॅफीन काय करतं, तर ॲडेनोसिनच्या जागेवर आधीच रुमाल टाकून ठेवतं. ॲडेनोसिन येतं, पण बसायला जागा नाही. हृदयाच्या काही स्कॅनमध्ये धमन्या रुंदावण्यासाठी ॲडेनोसिनचंच इंजेक्शन देतात, आणि त्याआधी १२ ते २४ तास चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात, कारण कॅफीन पोटात असेल तर तपासणी बिघडते. एका कपात किती ताकद आहे याचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः तो सैल पडतो तेव्हा मिळतं. आवळलेला असताना तो स्वतःच्याच धमन्या दाबून धरतो. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याचं चक्र एक सेकंदाचं, आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश वेळ विश्रांतीचा. १८० ठोक्यांना अख्खं चक्र एक तृतीयांश सेकंदाचं होतं आणि विश्रांती त्यातल्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे काम वाढतं तसा जेवायचा वेळ घटतो. चांगल्या धमन्या रुंदावून चार-पाच पट रक्त आणतात आणि वेळ निभावते. धमनी कुठे अरुंद झाली असेल, तर तिथे टंचाई पडते.

हृदय किती राबतंय याचा ढोबळ अंदाज घरच्या घरी काढता येतो: नाडी गुणिले वरचा रक्तदाब. बसल्या जागी ७० गुणिले १२०, म्हणजे ८,४००. जोरदार व्यायामात १७० गुणिले १९०, म्हणजे ३२,३००. जवळजवळ चौपट. उत्तेजकाने यात वरच्या दाबाचे १५ वाढवले तर आकडा ३४,८५० वर जातो. एरवी २,५५० ची ही वाढ फार नाही. पण तुम्ही शेवटच्या टोकाला असताना ती येते, आणि जाणवत नाही.

इथे घड्याळ फसवतं. बहुतेकांना वाटतं कॅफीनने नाडी वाढते. अनेक चाचण्यांत मध्यम व्यायामात ती वाढलेली दिसत नाही, कधी थोडी कमीच भरते. वाढतो तो रक्तदाब, विशेषतः रोजची सवय नसलेल्यांचा. मनगटावरचा पट्टा नाडी दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो.

पहिली पायरी: हा प्रयोग तुमच्यासाठी आहे का

काही लोकांनी इथेच थांबावं. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा वर येत असेल. कोरोनरी धमन्यांचा आजार, हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास, हृदयाचा स्नायू जाड असल्याचं निदान असेल. व्यायाम करताना कधी शुद्ध हरपली असेल. थायरॉइड वाढलेलं असेल. घाबरेपणाचे झटके येत असतील. तर उत्तेजक पावडर नकोच. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, अगदी ‘पोहताना बुडाला’ किंवा ‘झोपेतच गेला’ अशी गोष्ट सांगितली जात असेल, तरी आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी आणि गरज पडल्यास इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढा. हृदयाच्या विद्युतप्रवाहाचे काही आनुवंशिक दोष ॲड्रेनालिन वाढल्याशिवाय डोकंच वर काढत नाहीत, आणि व्यायाम अधिक उत्तेजक म्हणजे ॲड्रेनालिन वाढवण्याची अगदी पद्धतशीर व्यवस्था.

गरोदरपणात ही पावडर नको. अठराच्या आतल्या मुलांनाही नको, मग संघातले सगळे घेत असले तरी.

ताप असताना किंवा नुकताच उतरला असताना व्यायामही नको आणि स्कूपही नको. विषाणूमुळे कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि अशा सुजलेल्या स्नायूवर जोर टाकणं धोक्याचं असतं.

औषधांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या स्वतःच उत्तेजक आहेत. लक्ष लागण्यासाठी दिली जाणारी मिथाइलफेनिडेटसारखी औषधं, दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, थायरॉइडची गोळी जास्त होत असेल तर तीही, सगळी त्याच दिशेने ढकलतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक आणि फ्लुव्होक्सामिन ही नैराश्यावरची गोळी यकृतात कॅफीनचा निचरा अडवतात, त्यामुळे नेहमीचाच डोस कितीतरी मोठा असल्यासारखा वागतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही कॅफीन शरीरात जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ते भराभर निचरतं, म्हणून सिगारेट सोडल्यावर तोच जुना स्कूप अचानक जड जातो. ‘सिगारेट सोडल्यापासून धडधड होते’ म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

दुसरी पायरी: डब्याची मागची बाजू

पुढच्या बाजूला काय छापलंय ते वाचून काही हाती लागत नाही. डबा उलटा करा, कागद-पेन घ्या.

पहिलं काम: एकूण कॅफीन. ते एकाच नावाने लिहिलेलं असेलच असं नाही. कॅफीन ॲनहायड्रस, डायकॅफीन मॅलेट, ग्वाराना, ग्रीन टी किंवा ग्रीन कॉफीचा अर्क, यर्बा माते, कोला नट: ही सगळी एकाच माणसाची टोपणनावं समजा. प्रत्येकातून येणारं कॅफीन बेरजेत धरा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून खाली फक्त एकूण वजन दिलं असेल, तर आत कशाचं प्रमाण किती हे कळायला मार्ग नाही. माझा नियम सोपा आहे. आकडा लपवलाय ना, मग डबा परत ठेवायचा.

दुसरं: कॅफीनच्या सोबतीला कोण आहे. योहिम्बिन (एका झाडाच्या सालीतलं उत्तेजक) नॉरॲड्रेनालिनच्या सुटण्यावरचा नैसर्गिक लगाम काढून टाकतं. रक्तदाब चढतो, अस्वस्थता येते, हात थरथरतात. त्याच्या बाबतीत लेबलवरही विसंबता येत नाही. अमेरिकेत बाजारातले डबे तपासले तेव्हा योहिम्बिन लिहिलेल्याच्या २३ टक्क्यांपासून १४७ टक्क्यांपर्यंत सापडलं होतं. सिनेफ्रिन, म्हणजे कडू संत्र्याचा अर्क, हे एफेड्रा वनस्पतीतल्या एफेड्रिन या उत्तेजकाचं भावंड. एकटं असताना ते तितकं उग्र नाही, पण ‘फॅट बर्नर’मध्ये ते एकटं नसतंच. कॅफीन अधिक योहिम्बिन अधिक सिनेफ्रिन असं त्रिकूट दिसलं की मी पुढे वाचत नाही.

याउलट बीटा-ॲलानिन या अमिनो आम्लामुळे गालांना, कानांना, बोटांच्या टोकांना ज्या मुंग्या येतात, त्या निरुपद्रवी आहेत. गंमत म्हणजे लोक त्यालाच ‘चढली’ म्हणतात आणि मुंग्या कमी झाल्या की स्कूप वाढवतात. मुंग्यांसाठी वाढवलेल्या स्कूपातून कॅफीनही वाढतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरं: बंदी आलेली नावं वेगळ्या कपड्यांत. एफेड्रा ही वनस्पती वजन कमी करण्याच्या गोळ्यांत सर्रास असायची. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा अमेरिकन बेसबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने गेला. तो एफेड्राची गोळी घेत होता. २००४ मध्ये अमेरिकेने एफेड्रा असलेल्या सप्लिमेंटवर बंदी घातली. डीएमएए या उत्तेजकाची कथा आणखी विचित्र आहे. चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध म्हणून ते १९४८ मध्ये बाजारात आलं, १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि दोन दशकांनी ‘जिरेनियमचा अर्क’ या साळसूद नावाने प्री-वर्कआउटच्या डब्यांत परतलं. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ३० वर्षांची एक धावपटू शेवटच्या मैलात कोसळली आणि गेली. तिने पाण्याच्या बाटलीत अशाच पावडरीचा एक स्कूप घातला होता. मृत्यूच्या चौकशीत डीएमएए आढळलं, आणि त्याला पराकोटीच्या श्रमाची जोड मिळून हृदय बंद पडलं असावं, असा निष्कर्ष निघाला. नुसतं द्रव्य नाही, नुसते श्रमही नाहीत. दोन्ही एकत्र.

तेव्हा मिथाइलहेक्सॅनमाइन, १,३-डायमिथाइलॲमिलअमाइन, जिरेनियम (ही तिन्ही डीएमएएचीच नावं), किंवा अकेशिया रिजिड्युला, हिजेनामाइन यांपैकी काहीही दिसलं तर त्या डब्याचा विषय संपला. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं: कॅफीन २००४ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत नाही, पण डीएमएए आणि हिजेनामाइन आहेत, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव तिथे चालत नाही. स्वतंत्र प्रयोगशाळेतून तपासलेल्या डब्यांवर ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ अशी खूण असते. ती असली म्हणजे भेसळीची शक्यता घटते. डोस सुरक्षित आहे असा तिचा अर्थ नाही.

तिसरी पायरी: डोस वजनावरून, स्कूपावरून नाही

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० मिलिग्रॅम आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चिंतेचं नाही असं म्हटलं. एका वेळचा आकडा म्हणजे साधारण दर किलो वजनाला ३ मिलिग्रॅम. खेळाडूंवरच्या अभ्यासांत दर किलो ३ ते ६ मिलिग्रॅममध्ये फायदा दिसतो. ९ पर्यंत नेलं की फायदा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. माझं मत: हौशी व्यायाम करणाऱ्याने ३ च्या वर जायचं काही कारण नाही, आणि सुरुवात दीडपासून करावी.

६० किलोच्या माणसाचा हिशोब पाहा. दर किलो ३ प्रमाणे १८०. डब्यावरच्या स्कूपात ३००, म्हणजे दर किलो ५. म्हणजे ‘एक सर्व्हिंग’ हाच त्याच्यासाठी मोठा डोस. त्याने अर्ध्यापेक्षा थोडा जास्त स्कूप घ्यावा, आणि सुरुवातीला पावच.

आणि स्कूप भरायचा नाही, तोलायचा. माझ्या डब्यावर ‘एक स्कूप १० ग्रॅम’ असं लिहिलेलं होतं. वजनकाट्यावर सुरीने सपाट केलेला स्कूप १० भरला. मी रोज जसा भरायचो तसा भरला तर १४. म्हणजे ३०० चे ४२० झाले होते आणि मला पत्ता नव्हता. शिवाय डबा पडून राहिला की बारीक भुकटी तळाशी बसते, म्हणून उघडण्याआधी बंद डबा उलटसुलट हलवून घ्या.

पावडर कोरडी तोंडात टाकून गिळण्याचं फॅड मधे आलं होतं. ठसका लागून भुकटी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि सगळा डोस एकदम पोटात उतरतो. निदान ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि दहा-पंधरा मिनिटांत सावकाश प्या.

शुद्ध कॅफीनची सुटी पावडर घरात ठेवूच नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हिशोबाने तिचा एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे २८ कप कॉफी. साध्या वजनकाट्यावर एवढी बारीक मोजणी होत नाही, आणि इथली चूक जीवघेणी ठरते.

चौथी पायरी: वेळ

कॅफीन रक्तात ३० ते ६० मिनिटांत शिगेला पोचतं. अर्धं निचरायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. संध्याकाळी सहाला ३०० घेतलं तर रात्री अकराला १५० शिल्लक, म्हणजे दीड कप कॉफी पिऊन अंथरुणावर पडल्यासारखं. झोप मोडते, सकाळी रक्तदाब चढा, अंग जड, म्हणून दुसऱ्या दिवशी स्कूप मोठा. हे रहाट एकदा सुरू झालं की थांबवणं अवघड जातं. दुपारनंतर व्यायाम करणाऱ्यांनी उत्तेजक नसलेलंच काही निवडावं किंवा काहीच घेऊ नये. आणि स्कूपच्या दिवशी चहा, कॉफी, कोला, डोकेदुखीची गोळी हे सगळं त्याच ४०० च्या खात्यात लिहायचं.

पाचवी पायरी: आधी खुर्चीत चाचणी

ही पायरी कुणीच करत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोलाची. दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र लागेल, मनगटाचं नको.

दोन-तीन दिवस सकाळी, काहीही न पिता, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या उंचीला ठेवून रक्तदाब आणि नाडी दोनदा घ्या. दोन्ही आकडे लिहून ठेवा. हा तुमचा पाया. मग व्यायाम नसलेल्या एका दिवशी ठरवलेला छोटा डोस घ्या आणि त्याच खुर्चीत ३०, ६० आणि ९० मिनिटांनी पुन्हा मोजा.

मी स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादा अशा: वरचा दाब पायापेक्षा १५ हून जास्त चढला, किंवा कुठलाही आकडा १४०/९० ला टेकला, किंवा बसल्या जागी नाडी १०० च्या वर गेली, तर ती पावडर माझ्यासाठी नाही. डोस कमी करून पुन्हा एकदा पाहता येईल, तिसऱ्यांदा नाही. खुर्चीत जे झेपत नाही ते उठाबशांत कसं झेपणार?

माझी त्या डब्याची चाचणी मी नंतर केली. अर्ध्या सपाट स्कूपवर ६० व्या मिनिटाला ११८ चे १३६ झाले. नाडी ६८ वरून ६६. घड्याळाला विचारलं असतं तर त्याने सगळं आलबेल सांगितलं असतं.

सहावी पायरी: व्यायामाच्या वेळी

किती करायचं ते पावडर पिण्याआधी कागदावर लिहा: वजन किती, आवर्तनं किती, वेग किती, मिनिटं किती. उत्साह चढल्यावर घेतलेले निर्णय तुमचे नसतात. पहिल्या दोन-तीन वेळा नेहमीपेक्षा एक पायरी हलका व्यायाम ठरवा. शर्यतीच्या दिवशी नवीन पावडर तर कधीच नको.

वॉर्म-अप १० ते १५ मिनिटांचा, टप्प्याटप्प्याने. थंड हृदयावर एकदम झेप घेतली की जादा ठोके आणि छातीतली ओढ दोन्हींची शक्यता वाढते.

कमाल नाडीचा अंदाज २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा काढतात. चाळिशीच्या माणसाची १८०, आणि त्याच्या ८५ टक्के म्हणजे १५३. उत्तेजक घेतलेल्या दिवशी मी या रेषेखाली राहतो. त्यासोबत बोलण्याची कसोटी ठेवा: दोन श्वासांच्या मध्ये एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बीटा-ब्लॉकर (ठोके आणि रक्तदाब कमी करणारं औषध) घेणाऱ्यांची नाडी औषधाने दाबलेली असते, त्यांनी नाडीच्या आकड्यावर अजिबात जाऊ नये.

जड वजनांबद्दल एक माहिती. १९८५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून वजन ढकलताना रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना सरासरी ३२०/२५० आला, एकाचा तर ४८०/३५० च्या वर गेला. एवढा चढ काही क्षणांचाच असतो आणि त्याचं मोठं कारण म्हणजे श्वास कोंडून जोर लावणं. अशा वेळी आधीच चढवलेला दाब घेऊन बाकाखाली जायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी स्कूपच्या दिवशी एकदाच उचलता येईल असं कमाल वजन लावत नाही, आणि ढकलताना तोंडाने श्वास सोडतो.

उकाडा असेल तर स्कूप नाही. घाम काढण्यासाठी त्वचेलाही रक्त लागतं आणि स्नायूंनाही. दोघांची ओढाताण सुरू झाली की हृदय ठोके वाढवून ती निभावतं. त्यात उत्तेजकाने थकवा झाकला, तर शरीर तापत जातं आणि माणूस पळत राहतो.

शेवट झाला की धाडकन थांबू नका. पाय थांबले की रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो, आणि ॲड्रेनालिन मात्र अजून वरच असतं. हृदयाचे ठोके बिघडायला ही वेळ वाईट. पाच-दहा मिनिटं सावकाश चाला. पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते ते पाहा. चालत राहूनही १२ किंवा त्याहून कमी उतरत असेल आणि असं वरचेवर होत असेल, तर डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे.

कधी थांबायचं, कधी धावपळ करायची

एखाददुसरा ठोका चुकला, बाकी काही नाही: व्यायाम थांबवा, बसा, पाणी प्या, त्या दिवशी पुन्हा सुरू करू नका, आणि ती पावडर बंद. पुन्हा झालं तर ईसीजी.

छातीत दाब, आवळल्यासारखं वाटणं, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरणं, थंड घाम, न थांबणारी वेडीवाकडी धडधड, श्रमाच्या मानाने भलताच दम, डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काहीही झालं तर तिथल्या तिथे बसा आणि रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ‘गॅस असेल’ म्हणून घरी जाऊन पडू नका. व्यायाम चालू असताना शुद्ध हरपणं, दोन सेकंदांसाठी का होईना, ही किरकोळ चक्कर मानायची नसते.

समोरचा माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसतेच आचके आहेत, तर ते हृदय बंद पडलंय असं समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाने रुग्णवाहिका बोलवायची, दुसऱ्याने एईडी (विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करणारं यंत्र) आणायला धावायचं, तिसऱ्याने छातीच्या मधोमध हाताचा तळवा रोवून मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबत राहायचं. मदतीविना गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. तुमच्या व्यायामशाळेत एईडी कुठल्या भिंतीवर टांगलंय हे आजच पाहून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना डबा सोबत न्या, निदान मागच्या बाजूचा फोटो. किती वाजता, किती ग्रॅम, दिवसभरात आणखी काय, हे कागदावर. बरेच जण सप्लिमेंट हे औषध नाही म्हणून सांगतच नाहीत, किंवा ओरडा बसेल म्हणून लपवतात, आणि डॉक्टर तिकडे दुसऱ्याच गोष्टी शोधत बसतात.

सोडायचं असेल तर

एकदम बंद केलं तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, दोन दिवस चांगली ठणकते, मरगळ येते. कधी हे आठवडाभरही चालतं. धोका नाही, पण त्या डोकेदुखीवर कॅफीन असलेलीच गोळी घेऊन लोक पुन्हा पहिल्या घरात येतात. दर तीन-चार दिवसांनी वजनकाट्यावर मोजून पाव भाग कमी करत जा. मला दोन आठवडे लागले. हल्ली व्यायामाआधी पाऊण तास एक कप कॉफी पितो, ९० मिलिग्रॅमच्या आसपास, तीही फक्त सकाळच्या व्यायामाला. वजनं तेवढीच उचलतो. पूर्वीइतकं भारी मात्र वाटत नाही. सहाव्या आवर्तनाला दंड भरून येतात आणि ते आता मला कळतं.